घरी न आलेलं मूल : कथा लिहिणाऱ्यांचे प्रश्न

दिवाळी अंकासाठी गडद आशयाच्या कथा मागवल्या, तेव्हा नाशिक शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा दिसला : पळवून नेलेलं मूल आणि मागे राहिलेलं घर. काहींनी कथेचे खर्डे पाठवले, काहींनी फक्त शंका. पोलीस तपास, बालमानसशास्त्र आणि कथासंपादन जाणणाऱ्या मंडळींनी मिळून ही उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझ्या कथेच्या सुरुवातीला सोसायटीबाहेर पांढरी व्हॅन थांबते. तोंड बांधलेला माणूस उतरतो, मुलीच्या नाकाला क्लोरोफॉर्मचा रुमाल लावतो आणि दोन सेकंदांत ती बेशुद्ध होते. चार मित्रांना वाचून दाखवली, कुणालाच भीती वाटली नाही. काय चुकलं? (सिडको)

उत्तर : आधी तो रुमाल काढून टाका. क्लोरोफॉर्मने कुणी दोन सेकंदांत बेशुद्ध होत नाही, ती पडद्यावरची थाप आहे. जाणत्या वाचकाचा विश्वास तिथेच उडतो. पण मोठी चूक वेगळी आहे. तुम्ही वाचकाला व्हॅनशेजारी उभं केलंत. काय झालं, कुणी केलं, कसं केलं हे त्याला पहिल्याच परिच्छेदात कळलं. आता त्याने कशाला घाबरायचं? या कथेतल्या वाचकाची जागा गॅलरीत आहे, आईच्या शेजारी.

शाळेची व्हॅन रोज पाऊण वाजता येते. एक वाजला. आई पोळ्या लाटते आहे. आधी ती व्हॅनवाल्या काकांवर चिडते. मग काकांचा फोन लागतो आणि ते म्हणतात, ‘ताई, मी तर कोपऱ्यावर सोडलं की तिला.’ आता राग मुलीवर वळतो : आज येऊ दे घरी, बघतेच. हा राग पानभर टिकू द्या. लिहिणारे इथे घाई करतात, आई पहिल्या मिनिटालाच हंबरडा फोडते. खऱ्या घरात भीती येण्याआधी राग येतो, आणि त्या रागात मनाशी बोललेलं वाक्य पुढे कित्येक वर्षं बाईला झोपू देत नाही.

शोधाचा क्रमही नीट लावा. माणूस जवळून लांब जातो आणि शक्य वाटतं तिथून अशक्य वाटतं तिकडे जातो. आधी शेजारचा फ्लॅट, मग मैत्रिणीचं घर, वॉचमन, कोपऱ्यावरचं किराणा दुकान. नंतर गच्ची. गच्चीवर गेल्यावर टाकीचं झाकण. झाकणाला हात लावताना आईला पहिल्यांदा कळतं की आपण काय शोधतो आहोत. वडील अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पहिल्या पाळीला असतील, तर त्यांचा फोन लॉकरमध्ये असतो आणि तीन वाजेपर्यंत ते उचलत नाहीत. ते दोन तास तिने एकटीने काढायचे आहेत. तुमची कथा तिथे आहे.

प्रश्न : पोलीस ठाण्यात ‘चोवीस तास थांबा, मग तक्रार घेऊ’ असं म्हणतात, असा प्रसंग मी लिहिला आहे. तो बरोबर आहे का? पुढची कार्यवाही क्रमाने सांगाल का? (पंचवटी)

उत्तर : चोवीस तासांचा नियम कुठेही नाही. एखाद्या पात्राच्या तोंडी ते वाक्य घालायचंच असेल, तर ती त्या माणसाची टाळाटाळ आहे हे वाचकाला कळलं पाहिजे. प्रौढ माणूस हरवला तर ‘मिसिंग’ नोंदवतात. अठरा वर्षांखालचं मूल हरवलं तर अपहरण झालं असं गृहीत धरून थेट गुन्हा दाखल होतो. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर तसा आदेश दिला. कथेचा काळ १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर भारतीय दंड संहितेचं कलम ३६३ लिहा, नंतरचा असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १३७(२). खंडणी मागितली गेली तर जुनं ३६४-अ, नवं १४०(२). त्यात जन्मठेप किंवा फाशीपर्यंत शिक्षा आहे. फिर्यादीत ‘अज्ञात इसमाविरुद्ध’ असं येतं आणि फिर्यादीची प्रत घरच्यांना मोफत मिळते. मूल कोणत्या ठाण्याच्या हद्दीतून गेलं हे नक्की नसलं तरी जवळच्या ठाण्याला गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो. पुढे तो शून्य क्रमांकाने संबंधित ठाण्याकडे जातो.

आता ठाण्यातला प्रसंग. ठाणे अंमलदार नाव विचारतो, वय विचारतो, मग विचारतो, ‘अंगावर काय होतं?’ या तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक आया अडखळतात. गणवेश होता, पण आज बुधवार, म्हणजे पांढरा की निळा? पायात बूट की सँडल? सकाळी स्वतःच्या हाताने घातलेले कपडे आठवत नाहीत, आणि ते न आठवणं तिला गुन्ह्यासारखं वाटतं. फोटोचंही तसंच. ओळखपत्रावरचा फोटो दोन वर्षांपूर्वीचा असतो आणि मोबाइलमधल्या निम्म्या फोटोंवर सशाचे कान नाहीतर चकाकी चढवलेली असते. चेहरा स्वच्छ दिसणारा एक फोटो शोधायला वीस मिनिटं लागतात. पोलिसांना खरा उपयोग होतो तो मोडलेला दात, कानामागचा डाग, टाके पडलेली हनुवटी अशा खुणांचा.

त्यानंतर लेखक जे हटकून विसरतात ते : पोलीस आधी घर तपासतात. माळा, दिवाण, बाथरूममागची पोकळ जागा, पाण्याची टाकी, इमारतीची लिफ्ट. लपलेली, अडकलेली किंवा झोपी गेलेली मुलं अशा जागी सापडतात, म्हणून हे करावंच लागतं. त्याच वेळी आईवडिलांना वेगवेगळं बसवून विचारतात : घरात भांडण झालं होतं का, मारलं होतं का, कुणाशी पैशांचा वाद आहे का, सासर-माहेरचं काही? अधिकारी सभ्य असला तरी प्रश्न तेच असतात. ज्याच्याकडे मदत मागायला आलो तोच आपल्याकडे संशयाने बघतो आहे, हा घाव कथेत फार मोलाचा आहे. त्यासाठी पोलिसाला खलनायक करू नका. तो त्याचं काम नीट करतो आहे, म्हणूनच ते जास्त बोचतं.

चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंध कक्षाकडे जातो. म्हणजे नवा अधिकारी, आणि तो पुन्हा पहिल्यापासून विचारतो, ‘अंगावर काय होतं?’ आता आईला ते पाठ झालेलं असतं. ती एका दमात, आवाज न हलता सांगते.

प्रश्न : माझा नायक सीसीटीव्ही आणि मोबाइल लोकेशनवरून अर्ध्या तासात अपहरणकर्त्याला नाशिकरोड स्टेशनवर गाठतो. पटेल का? (जेलरोड)

उत्तर : नाही पटणार. दुकानातल्या कॅमेऱ्याचं घड्याळ बहुधा चुकलेलं असतं, कधी सात मिनिटं तर कधी चाळीस. म्हणून तपास करणारा आधी कॅमेऱ्याची वेळ आणि खरी वेळ यांतला फरक लिहून घेतो. हे तुमच्या पात्राला माहीत नसेल, तर तो चुकीच्या रिक्षामागे दोन दिवस घालवेल, आणि ते वाचायला तुमच्या पाठलागापेक्षा कितीतरी भयंकर आहे. शिवाय डिस्क भरली की जुनं चित्रण पुसलं जातं. छोट्या दुकानात ते पंधरा-वीस दिवसांतही होतं. टॉवरवरून नेमकं घर कळत नाही, परिसर कळतो. शहरात हा परिसर काही गल्ल्यांचा, पेठ तालुक्याकडे किंवा हरसूलकडे गेलात तर कित्येक किलोमीटरचा.

स्टेशनवर गुन्हा घडला तर तो लोहमार्ग पोलीस नोंदवतात. रेल्वे सुरक्षा दल वेगळं, दोन्ही वर्दींची गल्लत करू नका. आणि गाडी एकदा मुंबईच्या दिशेने सुटली की पुढची आशा इगतपुरी, सुमारे पन्नास किलोमीटरवर. त्यानंतर कसारा घाट, बोगदे, तुटणारं नेटवर्क. फोन लागत नाही त्या वीस मिनिटांत तुमच्या नायकाने काय करायचं? काहीच नाही. तो फलाटावर उभा आहे. तेवढंच लिहा.

प्रश्न : आमच्या भागात पूर्वी पाल टाकून राहणारे लोक यायचे. ‘पोरं धरून नेतात’ म्हणून आम्हाला भीती घालायचे. कथेतली टोळी तशीच दाखवली आहे, झोळी आणि डमरूसकट. संपादकांनी हरकत घेतली. कथाच तर आहे ना? (सटाणा)

उत्तर : हरकत आमचीही आहे, आणि कळकळीची आहे. १ जुलै २०१८, रविवार. सटाण्याहून फार लांब नसलेल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात आठवडे बाजार भरला होता. मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा फिरत होत्या. मंगळवेढा भागातून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने मुलं पळवणारे ठरवलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठेचून मारलं. त्यांनी कुणाचंही मूल नेलेलं नव्हतं. त्याच सुमारास मालेगावातही जमावाने काही जणांना घेरलं होतं. पोलीस मध्ये पडले म्हणून ते वाचले.

त्या खोलीत जे शिरले त्यांच्या डोक्यात एक कथा होती. झोळीवाला म्हणजे पोरं धरणारा. ती त्यांना लहानपणी कुणीतरी, बहुधा मायेनेच, सांगितली होती. तुम्ही तीच कथा पुन्हा छापायला पाठवली आहे.

कलेच्या बाजूनेही हा खलनायक कच्चा आहे. तो लांबून येतो, वेगळा दिसतो, म्हणजे वाचकाला आपल्या ओळखीच्या माणसांकडे बघावंच लागत नाही. मुलाला ज्याचं नाव माहीत असतं तो माणूस जास्त भयावह. क्लासचा शिपाई, लांबचा मामा, वडिलांचा जुना भागीदार. मूल ओरडत नाही, उलट हात धरून चालायला लागतं. बघणाऱ्या दहा जणांना त्यात काहीच वावगं दिसत नाही. हवं तर कथा उलटी फिरवा : मूल खरंच गेलं आहे, गावाने एका फिरस्त्याला धरलं आहे, आणि आईला मनातून ठाऊक आहे की हा तो नव्हे. ती बोलते का? बोलली तर तिचं कोण ऐकतं? अशी कथा पाठवलीत तर आम्ही आनंदाने वाचू.

प्रश्न : अपहरण करणारी बाई दाखवली तर अतिशयोक्ती वाटेल का? (कॉलेज रोड)

उत्तर : महाराष्ट्रात तरी वाटू नये. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुलींचं प्रकरण नाशिकमध्येच उघडकीला आलं, १९९६ मध्ये. १९९० पासूनच्या सहा वर्षांत तेरा मुलांचं अपहरण केल्याचा तो खटला कोल्हापुरात चालला. दोघी बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायम केली. दयेच्या अर्जावर निर्णय व्हायला फार उशीर झाल्यामुळे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये त्या फाशीची जन्मठेप केली. त्या मुलांचा वापर गर्दीत चोरी करताना आडोसा म्हणून होत होता. कडेवर मूल असलेल्या बाईवर कुणी संशय घेत नाही, एवढ्याच हिशेबावर ते चाललं. तुम्हाला कथेसाठी घ्यायचा आहे तो हा हिशेब. त्या मुलांचे हाल घेऊ नका. बाईकडे बघून हसणारा, तिला बसमध्ये जागा देणारा, बाळाला बिस्किट देणारा प्रवासी लिहा, आणि त्याला काही कळू देऊ नका.

प्रश्न : माझी कथा अपहरणानंतर पाच वर्षांनी सुरू होते. मूल सापडलेलं नाही. आईवडिलांचं दुःख दाखवताना सारखं तेच ते होतं : रडणं, फोटोकडे बघणं, देवापुढे बसणं. वेगळं काय असतं अशा घरात? (गंगापूर रोड)

उत्तर : मेलेल्याचं दुःख आणि हरवलेल्याचं दुःख एक नाही, हे आधी मनात पक्कं करा. अमेरिकेतल्या कुटुंबसंबंधांच्या अभ्यासक पॉलिन बॉस यांनी १९७० च्या दशकात, युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना या अवस्थेला वेगळं नाव दिलं. मराठीत त्याला अधांतरी वियोग म्हणता येईल. माणूस घरात नाही, पण गेलाही नाही. अशा घराला सुतक नाही, दहावं नाही, तेरावं नाही. भेटायला येणाऱ्याला काय बोलावं कळत नाही, म्हणून लोक येईनासे होतात. त्या घरावर जाऊन थांबायचं की नाही, याचा रिवाजच आपल्याकडे नाही.

सगळ्यात आधी तडा जातो तो नवराबायकोत. एक जण शोधत राहतो, दुसरा थांबतो. थांबणाऱ्याचं प्रेम कमी असतं असं मुळीच नाही. त्याला रोज उठून कामाला जायचं असतं, घराचे हप्ते भरायचे असतात. पण शोधणाऱ्याला ते विश्वासघातासारखं वाटतं. हे भांडण ‘तू विसरलास’ अशा वाक्यांत लिहू नका, कुणी तसं बोलत नाही. ते छोट्या गोष्टींत येतं. आई दर जूनमध्ये गणवेश आणते, दरवर्षी एक माप मोठा. पाचव्या वर्षी वडील फक्त विचारतात, ‘याही वर्षी?’ आणि तिथून पंधरा दिवस अबोला. घर बदलायची वेळ येते तेव्हाही असंच. मोठा फ्लॅट मिळतोय, पण मुलाला हाच पत्ता पाठ होता. मोबाइल क्रमांक बदलायचा नाही, त्याला तोच येत होता. दाराचं कुलूप बिघडलं तरी तेच दुरुस्त करून घ्यायचं.

धाकटी बहीण असेल तर तिला विसरू नका. आपली बहुतेक मंडळी तिला सजावटीसारखी वापरतात, कोपऱ्यात चित्र काढत बसलेली. खरं तर तिचं बालपण त्या दिवशी गोठतं. तिला एकटीने जिन्याखाली जायची परवानगी नाही. सहलीला जायचं नाही. शाळेत तिची ओळख एकच, ‘तिचा दादा हरवलाय’. ती आता दादा हरवला तेव्हा होता त्यापेक्षा वयाने मोठी झाली आहे. हा दिवस घरात कुणाच्या लक्षात येत नाही, तिच्या मात्र येतो. आणि तिच्या मनात एक अपराधी विचार असतो की दादा परत आला नाही तर बरं. तो विचार लिहायला धीर लागतो. लिहा.

मग नातेवाईक आणि जाणते. कुणी पत्रिका बघतं, कुणाच्या अंगात येतं. ‘मूल जिवंत आहे, पश्चिमेला आहे, पाण्याजवळ आहे.’ नाशिकच्या पश्चिमेला गंगापूर, काश्यपी, पुढे मुकणे, वैतरणा. बाप मोटारसायकल काढतो आणि एकेका धरणाच्या काठावरच्या पाड्यांत फोटो दाखवत फिरतो. पावसाळ्यात धरणातून विसर्ग सुरू होतो, गोदावरीचं पाणी काठावरच्या दुतोंड्या मारुतीपाशी चढतं, अख्खं शहर पूर बघायला जातं, आणि तो एकटा घरी बसतो. शिवाय पत्रकांवर छापलेल्या क्रमांकावर फसवे फोन येतातच : ‘मुलगा आमच्याकडे आहे, आधी पाच हजार पाठवा.’ पहिल्या वेळी ते पाठवतात. पुढच्या वेळी खोटं आहे हे माहीत असूनही पाठवतात, कारण न पाठवलेला एक फोन खरा निघाला तर?

शेवटी विधीचा प्रश्न. सात वर्षं कुणाला काही खबर नसेल तर कायदा माणसाला मृत मानू शकतो. परंपरेत बारा वर्षं वाट बघून पालाशविधी करतात, म्हणजे पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचं दहन. घरात आजोबा असतील तर ते कधीतरी हा विषय काढतात. त्र्यंबकेश्वर तर हाकेच्या अंतरावर. आजोबांच्या दृष्टीने ती नातवाला दिलेली सुटका आहे आणि आईच्या दृष्टीने तो खून. दोघंही बरोबर आहेत. पाच वर्षांनी सुरू होणाऱ्या कथेत हा विषय नुकताच, दबक्या आवाजात, सणाच्या दिवशी निघालेला असेल.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलाच्या नजरेतून अपहरण लिहायचं आहे. भाषा कशी ठेवू? (देवळाली कॅम्प)

उत्तर : सगळ्यात अवघड रस्ता निवडलात. पाच वर्षांच्या मुलाला ‘तीन दिवस’ कळत नाहीत. किती वेळा झोपलो, किती वेळा चहा-बिस्किट मिळालं, हे कळतं. त्याची नजर प्रौढांच्या कमरेच्या उंचीवर असते : पट्ट्याचं बकल, चपलेचा तुटका अंगठा, टेबलाची खालची बाजू. रस्त्यांची नावं त्याला येत नाहीत. मुंबई नाका म्हणणार नाही, पांडवलेणीला ‘पायऱ्यांचा डोंगर’ म्हणेल, आणि तो मागे गेला एवढं त्याच्या लक्षात राहील. हाच धागा पुढे तपासात वापरता येईल.

या वयाचं मूल सगळ्याचं कारण स्वतःत शोधतं. मी कुल्फीसाठी हट्ट केला, म्हणून आई मला न्यायला येत नाही. अपहरण हा शब्द त्याच्याकडे नाही, शिक्षा हा आहे. म्हणून ते शहाण्यासारखं वागायला लागतं, आणि वाचकाच्या पोटात गोळा येतो तो त्या शहाणपणाने. जो जेवायला देतो त्याला ते चिकटेल, ‘काका’ म्हणेल. त्यावर लगेच स्टॉकहोम सिंड्रोमची पाटी लावू नका. ते नाव १९७३ मधल्या स्वीडनच्या एका बँक दरोड्यावरून पडलं आणि मानसोपचाराच्या अधिकृत निदानांत ते नाही. उपाशी, घाबरलेलं मूल जवळच्या मोठ्या माणसाला धरून राहतं, एवढं साधं सत्य पुरेसं आहे.

त्रास दाखवायचा किती? आमचं मत ठाम आहे : मुलाच्या अंगावर काय झालं ते पानावर आणू नका. दार बंद झालं, नंतर उघडलं, मूल आता डावा हात खिशातून काढत नाही. वाचक उरलेलं स्वतः करतो. तपशीलवार वर्णनाने कथा गडद होत नाही, बघणाऱ्याची नजर गढूळ होते.

आणखी एक. सुटकेनंतर मुलाची चौकशी दाखवणार असाल तर एवढं लक्षात ठेवा : ‘काका लाल गाडीतून आले होते ना?’ असा प्रश्न कुणी विचारला की मूल ‘हो’ म्हणतं, आणि पुढे त्याला लाल गाडी खरंच आठवायला लागते. जाणता अधिकारी विचारतो, ‘मग काय झालं?’ आणि थांबतो. बराच वेळ थांबतो.

प्रश्न : कथा कुंभमेळ्यात घडते. मी थंडी, धुकं, शेकोट्या असं वातावरण केलं आहे. (त्र्यंबक रस्ता)

उत्तर : तो प्रयागचा माघ झाला. आपला सिंहस्थ पावसाळ्यात येतो. २०१५ मध्ये रामकुंडावरची शाही स्नानं २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबरला होती. म्हणजे चिखल, प्लॅस्टिकचे कागद, ओले कपडे, फुगलेली गोदावरी. याचा कथेला उपयोगच आहे. स्नानाआधी मुलाच्या अंगावर पिवळा शर्ट होता, स्नानानंतर नुसती चड्डी आणि आजीचा टॉवेल. ध्वनिक्षेपकावर वर्णन जातं ते पिवळ्या शर्टाचं. हरवले-सापडले केंद्रात बसलेलं मूल स्वतःचं नाव ‘बाळू’ सांगतं, बापाचं ‘पप्पा’. दोन्ही बाजूंनी पुकारा चालू असतो आणि गाठ पडत नाही. मुलं गर्दीत अशी निसटतात, त्याला चोर लागत नाही. चोर तुम्हाला हवाच असेल तर तो केंद्राच्या बाहेर उभा राहून पुकारा ऐकणारा असू द्या.

सरदार चौकाकडच्या अरुंद उतारावर प्रसंग घडवणार असाल तर जपून. २७ ऑगस्ट २००३ च्या चेंगराचेंगरीत तिथे ३९ भाविक गेले. नाशिकच्या वाचकाला ती जागा नुसती पार्श्वभूमी वाटणार नाही.

प्रश्न : आमच्या नात्यात असं घडलं आहे. नावं बदलून लिहिलं तर चालेल ना? (सिन्नर)

उत्तर : नावं बदलणं पुरत नाही. शाळा, गल्ली, वडिलांचा धंदा, सापडलं ते गाव, एवढ्यावरून ओळख पटते. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा प्रकरणातल्या मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते मूल उद्या मोठं होऊन ही कथा वाचेल. त्याची गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय सांगू नका. तुम्ही स्वतः त्या काळात काय पाहिलंत, स्वयंपाकघरात, फोनशेजारी, तेवढं तुमचं आहे. गाव, काळ आणि शेवट बदलून तेच लिहा.

प्रश्न : मी दोन मुलांची आई आहे. अशा कथा वाचल्या की रात्रभर जाग येते, पण वाचल्याशिवाय राहवत नाही. (इंदिरानगर)

उत्तर : ताई, यात काही विचित्र नाही. सुरक्षित जागी बसून भीतीची तालीम करावी, असं मनाला वाटतं. रात्री झोपण्याआधी मात्र वाचू नका, आणि वाचून झाल्यावर मुलांना धाक घालू नका. त्याऐवजी त्यांना स्वतःचं पूर्ण नाव, आईवडिलांची पूर्ण नावं आणि एक फोन क्रमांक पाठ करून घ्या. घरात एक खुणेचा शब्द ठरवा. तो शब्द जो सांगेल त्याच्याबरोबरच जायचं, मग तो मामा का असेना. १०९८ (मुलांसाठीची मदतवाहिनी) आणि ११२ (तातडीची मदत) हे दोन क्रमांक त्यांनाही माहीत असू द्या. जाग सलग दोन-तीन आठवडे राहिली तर समुपदेशकाशी बोला आणि तोवर पुस्तक कपाटात ठेवा.

प्रश्न : माझ्या कथेत मूल दीड वर्षाने सापडतं. शेवटच्या प्रसंगात ते धावत येऊन आईच्या गळ्यात पडतं. आमचा कथावाचन गट म्हणतो, खोटं वाटतं. मग शेवट कसा करू? (मखमलाबाद)

उत्तर : गटाचं बरोबर आहे. सापडलेल्या मुलाला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. आईवडिलांना कागदपत्रं दाखवून, ओळख पटवून, समितीच्या आदेशानेच ताबा मिळतो. म्हणजे भेट होते ती कचेरीत. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पंख्याचा आवाज, जन्मदाखल्याच्या झेरॉक्सची दुसरी प्रत मागणारा कर्मचारी. सहा वर्षांचं गेलेलं मूल साडेसात वर्षांचं झालं आहे. दात पडून नवे आले आहेत. बोलण्यात दुसऱ्या भाषेचा हेल आहे. आई उभी राहते आणि मूल शेजारच्या कर्मचारी बाईंचा पदर धरतं. आईने तेव्हा काय करावं? काहीजणी पुढे धावतात आणि मूल आणखी मागे सरतं. तुमची आई खाली बसते की धावते, हे तिच्या स्वभावावरून ठरवा.

पुढे घरी मूल अति आज्ञाधारक असतं. संडासला जाऊ का, पाणी पिऊ का, असं विचारतं. पोळीचे तुकडे उशीखाली ठेवतं. अंथरूण ओलं करतं आणि सकाळी ते लपवतं. खेळताना एकच खेळ पुन्हा पुन्हा खेळतं : बाहुली पेटीत, पेटी बंद, पेटी पलंगाखाली. रडत नाही. वडिलांना वाटतं, बरं झालं, विसरला. महिना उलटूनही हे चालू राहिलं तर बालमानसोपचारतज्ज्ञांकडे नेणं गरजेचं असतं. ते नेतात की ‘लोक काय म्हणतील’ म्हणून टाळतात, यावर तुमचा पुढचा भाग उभा राहू शकतो.

कचेरीतल्या भेटीला दीडशे शब्द पुरतील. पहिल्या रात्रीसाठी हजार राखून ठेवा. अंथरूण कुठे घालायचं, दिवा चालू ठेवायचा का, दाराला आतून कडी लावायची की मुलाला कडीचा आवाज नको असेल, इथून सुरुवात करा.